थोरलीचं नाक

धुरीच्या खोलीचं दार कुणाच्या सांगण्यावरून उघडायचं, हा प्रश्न त्या हॅचरीत सव्वीस वर्षांत कुणाला पडला नव्हता. थोरली "उतरला" म्हणाली की दार उघडायचं, "थांबा" म्हणाली की थांबायचं. घाईत आलेले मालकसुद्धा मुकाट्याने हाताची घडी घालून उभे राहायचे. बाकी सगळ्या जगाशी त्यांचं पटत नसे, पण थोरलीच्या नाकापुढे त्यांनी कधी तोंड उघडलं नाही.

हॅचरी म्हणजे कोंबडीची अंडी उबवून पिल्लं काढायची जागा. लांबलचक पांढरी इमारत, आत खोलीएवढी मोठी मशीनं ओळीने उभी, त्यांत ट्रेवर ट्रे आणि ट्रेमध्ये अंडी. मशीनमध्ये जाण्याआधी अंड्यांना धुरी द्यावी लागते. कवचावर बसून एखादा रोग आत शिरला तर हजारो पिल्लांचा बट्ट्याबोळ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून अंडी एका बंद खोलीत रचायची, मधोमध मातीचं रुंद भांडं ठेवायचं, त्यात जांभळे खडे घालायचे, वरून फॉर्मालिन हे उग्र वासाचं जंतुनाशक ओतायचं आणि मागे वळून न बघता बाहेर पळायचं. ओतल्या ओतल्या भांडं खदखदतं आणि जो वायू उठतो तो जंतूंना मारतो. माणसाचंही काही भलं करत नाही.

हे ओतायचं काम थोरलीचं. नाकातोंडाला ओला रुमाल बांधायची, दाराशी छातीभरून श्वास घ्यायची आणि मनात आकडे मोजत आत जायची. तिसाच्या आत बाहेर. "आत मी श्वासच घेत नाही, मग मला काय होणार?" असं ती नव्या माणसांना ऐटीत सांगायची. मग वीस मिनिटं खोली बंद, नंतर भिंतीतला पंखा चालू, आणि त्यानंतर यायची खरी वेळ. थोरली गुडघे टेकून दाराच्या खालच्या फटीशी नाक न्यायची, रुमाल खाली ओढायची आणि हुंगायची. सगळे चिडीचूप. मग ती उठायची, गुडघे झटकायची आणि म्हणायची, "उतरला."

दोन वर्षांपूर्वी मालकांनी जाड रबराचे मास्क आणले होते, दोन्ही गालांवर गोल डब्या असलेले. थोरलीने आपला मास्क खोक्यातून बाहेरच काढला नाही. "नाक झाकून वास घेऊ? उद्या म्हणाल, डोळे मिटून अंडी तपासा." यावर सगळे हसले आणि तो विषय तिथेच संपला. मालकांनी खरं तर रेटायला हवं होतं, पण माणूस आपल्या कामात तरबेज असला की त्याच्या वेडेपणालाही आपण अनुभव म्हणतो. तसंच झालं.

तिच्या नाकाची ख्याती काही उगाच नव्हती. चोविसाव्या वर्षी ती तिथे ट्रे धुवायला लागली. तिसऱ्याच आठवड्यात मशीनपाशी थबकून म्हणाली, "इथे एक सडलेलं आहे." सुपरवायझरने वेड्यात काढलं. तिने खालून चौथा ट्रे ओढला, बोटाने एक अंडं दाखवलं. उचलून बाहेर नेईपर्यंत ते फुटलं आणि शर्टाच्या वासापायी दोन दिवस त्या सुपरवायझरला घरात कुणी घेतलं नाही. सडकं अंडं मशीनमध्ये फुटलं तर आजूबाजूची शेकडो अंडी जातात. तेव्हापासून रोज सकाळी थोरलीची फेरी ठरून गेली. त्या फेरीआधी कुणी अत्तर लावायचं नाही, कच्चा कांदा खायचा नाही, असा अलिखित कायदा होता. नवीन लागलेल्या ड्रायव्हरने तो एकदा मोडला तर थोरलीने त्याला फाटकाबाहेर उभं केलं होतं.

घरीही तीच कथा. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. माणूस गरीब स्वभावाचा, व्यसन एकच, सिगरेट. लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्याने बडीशेप खाल्ली, हात धुतले, शर्ट झटकला, तरी उंबरठ्यावरच पकडला गेला. "एक नाही, दोन ओढल्यात," तिने सांगितलं, आणि ते खरं होतं. पुढे कितीतरी वर्षं हा खेळ चालला. तो युक्त्या काढायचा आणि ती पकडायची. दोघांनाही त्यात मजा यायची, हे दोघांनीही कधी कबूल केलं नाही.

आणि मग धाकटी. थोरलीची ही सख्खी बहीण, अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती. थोरलीने तिची वेणी घातली, शाळेत नेलं, तापात उशाशी बसली, लग्न लावून दिलं, आणि शेवटी हॅचरीतही चिकटवलं. दोघी एकाच ठिकाणी म्हणून लोक एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी म्हणू लागले. खरी नावं पगाराच्या कागदावर तेवढी उरली. धाकटीचं काम धुरी झाल्यावर सुरू व्हायचं. दार उघडलं की पहिलं पाऊल तिचं. आत जायचं आणि ट्रे उचलून गाडीवर रचायचे.

गेल्या दोन-तीन वर्षांत एक बारीकसा बदल झाला होता. दार उघडलं की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले. कुणी खोकायचं, कुणी घसा खाकरायचं, कुणी बाही नाकाला लावायचं. थोरली कंबरेवर हात ठेवून बघायची. "काय नाजूक झालीत सगळी! आमच्या वेळी..." असं तिचं सुरू व्हायचं. तिच्या डोळ्यांत टिपूस येत नसे, हे ती आपलं भूषण समजायची. सकाळी तिचा आवाज घोगरा असायचा, नाक आतून कोरडं पडून खपल्या धरायच्या, शिंकरलं की कधी रुमालाला रक्त लागायचं. "हवा कोरडी आहे," ती म्हणायची. त्या काळात मशीनमध्ये दोन सडकी अंडी फुटली. त्यांचं खापर तिने अंडी पाठवणाऱ्या फार्मवर फोडलं. घरी दोनदा दूध करपलं, ते तिने विसरभोळेपणावर ढकललं. थोडक्यात, दोष द्यायला तिच्याकडे सगळं जग होतं, एक तेवढं नाक सोडून.

धाकटी खोकत होती. आधी कामावर, मग घरीही. जिना चढली की छातीत शिटी वाजल्यासारखा आवाज यायचा. सुट्टीच्या दिवशी बरं वाटायचं आणि कामाच्या पहिल्या दिवशी पुन्हा तेच. थोरली तिला गरम पाणी प्यायला लावायची, पाठीवर हात फिरवायची आणि म्हणायची, "तू लहानपणापासूनच अशी. जरा वारा लागला की झालं."

मग तो मंगळवार आला. अंडी नेहमीपेक्षा जास्त होती आणि माणसं कमी. पंखा चालू करून जेमतेम दहा मिनिटं झाली असतील. थोरली गुडघ्यांवर बसली, हुंगलं, उठली. "उतरला."

धाकटी आत गेली. तिसरा ट्रे उचलताना तिचा हात सुटला. ट्रे आपटल्याचा आवाज झाला, आणि लोक आत धावले तर धाकटी भिंतीला धरून वाकलेली, तोंड उघडं, पण श्वास काही आत जाईना. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. ड्रायव्हरने तिला उचलून बाहेर आणलं आणि पिल्लांच्या गाडीतून थेट दवाखाना गाठला. मागच्या सीटवर थोरली तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "श्वास घे गं, घे श्वास," एवढंच तिला सुचत होतं. आयुष्यात ती पहिल्यांदा एवढी घाबरली होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बोलायला स्पष्ट. त्यांनी धाकटीला वाफेतून औषध दिलं. अर्ध्या तासात तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मग त्यांनी विचारलं, "काय हुंगलं यांनी?"

"फॉर्मालिन. पण ते उतरलं होतं," थोरली म्हणाली.

"कशावरून?"

"मी बघितलं ना. वास घेऊन."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाई, हा वायू पाण्यात चटकन विरघळतो. आपल्या नाकात, घशात ओल असते, म्हणून तो आधी तिथेच बसतो आणि तिथलं नाजूक अस्तर भाजून काढतो. जास्त असला की खाली छातीपर्यंत जातो, श्वासाच्या नळ्या आवळतो. यांचं तेच झालंय. तुम्ही किती वर्षं वास घेताय असा?"

"सव्वीस."

"बसा इथे."

त्यांनी छोट्या बॅटरीने थोरलीच्या नाकात बराच वेळ पाहिलं. मग तिला डोळे मिटायला सांगितलं आणि नाकाखाली एकेक बाटली धरली. थोरलीला हसू आलं. तिचीच परीक्षा! पहिली बाटली. तिने हुंगलं. काहीच नाही. पुन्हा हुंगलं. "पाणी," ती म्हणाली. दुसरी. "हेही पाणीच." तिसरीला तिने अंदाजाने "लवंग" ठोकून दिलं.

डोळे उघडले तेव्हा समोर तीन बाटल्या होत्या. कॉफी, साबण आणि संत्र्याची साल.

"सवय झाली म्हणून डोळ्यांत पाणी येत नाही, असं वाटतं ना?" डॉक्टरीणबाई आता हळू बोलत होत्या. "सवय झाली म्हणजे नाकाने ओरडायचं सोडलं. इजा व्हायची थांबत नाही. तुमच्या नाकातलं अस्तर सुजलंय, ठिकठिकाणी सोललंय. घाबरवायचं म्हणून सांगत नाही, पण वर्षानुवर्षं भरपूर वायू घेतला तर नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात कर्करोगाचाही धोका वाढतो. तुमच्यात आज तसं काही दिसत नाही. पण यापुढे दर वर्षी दाखवायचं. आणि त्या खोलीपासून दूर राहायचं, दोघींनी."

"वास परत येईल?"

"येईलही, नाहीही. आधी त्याला विश्रांती द्या."

थोरली बाहेर बाकावर येऊन बसली. तिला नाकाचं एवढं काही वाटलं नाही. तिला आठवत होते लोकांचे चुरचुरणारे डोळे आणि ती स्वतः, कंबरेवर हात ठेवून हसणारी. तेवढ्यात धाकटी भिंतीचा आधार घेत शेजारी येऊन बसली.

"तुला वास येत होता?" थोरलीने विचारलं.

धाकटी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"खरं सांग."

"येत होता, ताई. आजच नाही, कितीतरी दिवस. पण तू उतरला म्हणायचीस. मला वाटायचं, माझंच नाक चुकतंय."

सहा वर्षांची असताना हीच मुलगी, ताईने सांगितलं म्हणून कडू औषधाला गोड म्हणायची. थोरलीने पदर तोंडाला लावला आणि बाकावरच हमसून हमसून रडली. धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. थोरलीने पाण्याचा पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. नवरा पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "एक सांगू? रागावू नकोस."

"आता काय राहिलंय रागवायचं?"

"मी तीन वर्षं सिगरेट ओढतोय. रोज. बडीशेपसुद्धा खात नाही. आधी वाटलं, तू बघून न बघितल्यासारखं करतेयस. मग वाटलं, तू माझा नाद सोडलास. सुरुवातीला बरं वाटलं. मग जरा... कसंतरीच वाटायचं. कुणी पकडतच नाही म्हटल्यावर."

थोरलीने मनात हिशेब केला. तीन वर्षं! म्हणजे आजचं नाही हे, काल-परवाचंही नाही. तीन वर्षं ती रिकामं नाक घेऊन त्या दाराशी बसत होती आणि सगळी हॅचरी तिच्या एका शब्दावर आत जात होती.

"उद्यापासून ओढू नका," ती म्हणाली. "मला कळणार नाही म्हणून तरी ओढू नका."

"नाही ओढणार," तो म्हणाला, आणि त्या क्षणी त्याला ते मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी हॅचरीत धाकटीची जागा रिकामी होती. धुरीची अंडी रचून झाली होती. आताचा सुपरवायझर, ज्याला सगळे चष्मा म्हणत, त्याने भांड्याजवळ फॉर्मालिनचा कॅन आणून ठेवला. थोरलीने खोक्यातून मास्क काढला आणि त्याच्या हातात दिला. "आज तू ओत. नीट घट्ट बांध." चष्म्याला वाटलं, बहिणीच्या काळजीने हिचं लक्ष नाही. त्याने मास्क चढवला, ओतलं आणि बाहेर आला. वीस मिनिटं गेली, पंखा सुरू झाला, दहा मिनिटं गेली. मालकही येऊन उभे राहिले.

"थोरल्या ताई, बघता ना?" चष्म्याने विचारलं.

सगळे नेहमीसारखे गप्प झाले. थोरलीला वाटलं, आता गुडघे टेकावेत, हुंगल्यासारखं करावं, जास्त वेळ थांबायला लावावं आणि मग म्हणावं. कुणाला कळणारही नाही. सव्वीस वर्षांची अब्रू जागच्या जागी राहील. ती दारापर्यंत गेलीही. मग ती वळली.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. आवाज घोगरा होता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "तीन वर्षं येत नाही. मला माहीत नव्हतं, पण तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तुमचे डोळे सांगत होते. मी तुम्हाला नाजूक म्हणाले. काल माझ्या बहिणीचा जीव जाता जाता वाचला, तो माझ्या शब्दामुळे. यापुढे हे दार कुणाच्याही नाकावर उघडायचं नाही. माझ्या नाही आणि दुसऱ्या कुणाच्याही नाही."

ड्रायव्हर, ज्याला तिने कांद्यापायी फाटकाबाहेर काढलं होतं, पुढे आला आणि त्याने तिला बसायला उलटा ट्रे ठेवला. "बसा," एवढंच म्हणाला. मालक खोकले. मालकांना कानकोंडं झालं की ते खोकत. "पंखा दोन तास चालू द्या," ते म्हणाले. "तोवर आपण दुसरं काम करू."

त्यानंतर मालकांनी हात आखडता घेतला नाही, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दुप्पट मोठा पंखा बसला. हवेतला वायू मोजणारं एक छोटं यंत्र आलं. ते दारातल्या नळीतून हवा ओढतं आणि आकडा दाखवतं. आकडा ठरलेल्या रेघेखाली गेल्याशिवाय कडी काढायची नाही, असा कागद दारावर चिकटला. धाकटीला पिल्लं पाठवायच्या खिडकीवर बसवलं. तिथे मोकळी हवा असते. दोन महिन्यांत तिच्या छातीतली शिटी थांबली. तिने पहिल्यांदा न थांबता जिना चढून दाखवला तेव्हा थोरलीने खाली उभं राहून पायऱ्या मोजल्या.

थोरली अंडी तपासायला गेली. काळोख्या खोलीत दिव्यासमोर अंडं धरायचं आणि आत जीव आहे का बघायचं. डोळे तिचे अजून शाबूत होते. दिव्याच्या उजेडात लालसर कवचाआड बारीक ठिपका उडताना दिसला की तिला दर वेळी बरं वाटायचं. लोक तिला पूर्वीसारखंच विचारायला यायचे, फक्त आता पोराबाळांच्या, घरच्या गोष्टी विचारायला. सकाळचा घोगरेपणा गेला. खपल्या धरायच्या थांबल्या. वासाचं मात्र काही खरं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे ती रोज कॉफी, साबण आणि संत्र्याची साल हुंगायची आणि रोज हात हलवत परत यायची. नवरा विचारायचा, "काही?" ती म्हणायची, "पाणी." मग दोघं हसायची.

असे नऊ महिने गेले. एका रविवारी सकाळी ती मागच्या दारी कपडे भिजवत होती. नवऱ्याचा निळा शर्ट उचलला, कॉलर उलटी केली आणि ती थांबली. शर्ट नाकाजवळ नेला. दूर केला. पुन्हा जवळ नेला. मग बादलीशेजारचा दुसरा कोरडा शर्ट उचलून हुंगला. त्याला काही नव्हतं. पुन्हा निळा.

"अहो!"

नवरा हातात चाकाची तार घेऊन दारात आला.

"खिशात काय होतं?"

"कशाच्या?"

"सिगरेट ओढलीत."

"छे! मी? कधीच..." तो म्हणायला गेला आणि मध्येच त्याचं तोंड उघडं राहिलं. तार हातातून पडली. "तुला कसं कळलं?"

ओल्या हातांनीच थोरली घरात गेली आणि फोन लावला.

"धाकटे, ऐक. तुझ्या भावजींनी सिगरेट ओढली."

पलीकडून धाकटीचा आवाज आला, जरा कापरा. "नक्की, ताई? त्यांनी सांगितलं, का तुला..."

"शर्टाला वास आला. कॉलरला. एक नाही, दोन ओढल्यात."

धाकटी रडायला लागली. मोठ्याने, हुंदके देत, आणि मध्ये मध्ये हसत. इकडे थोरलीचेही डोळे भरले, कितीतरी वर्षांनी ते चुरचुरत होते. दारात नवरा गुन्हेगारासारखा उभा होता, पण त्याच्या चेहऱ्यावरचं हसू काही केल्या आवरेना.

"मग ओरडलीस का त्यांना?" धाकटीने नाक ओढत विचारलं.

"अजून नाही," थोरली म्हणाली. "आधी तुला सांगायचं होतं. आता ठेव, आता जाते ओरडायला."